पहिला कोट : धोतर, शेरवानी की सूट?

लग्नाच्या पत्रिका छापून घरी आल्या की आमच्या वस्तीत दोन वाद हमखास निघतात. पहिला जेवणाचा, म्हणजे पंगत बसवायची की लोकांनी उभ्याने ताटे धरायची. दुसरा नवरदेवाच्या कपड्यांचा. पहिला वाद आचारी मिटवतो. दुसरा मिटवायला कोणी नसते, आणि बहुधा घरात जो मोठ्याने बोलतो त्याच्या मनासारखे होते. यंदा आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाचा मंगल परिणय ठरला, तेव्हा हा वाद आमच्याच ओसरीवर आला. आम्ही कारकून माणूस, त्यामुळे खर्चाची वही आमच्याकडे आली. त्या निमित्ताने जे पाहिले, ऐकले आणि मनात आले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचे. कापडाची गोष्ट निघाली की बाहेरच्यांना नाशिककडचे मालेगाव आठवते, कारण तिथे यंत्रमागांचा खडखडाट आहे. आमच्या मालेगावात सोयाबीन, तूर आणि कापूस. कापूस इथला, पण अंगावरचे चांगले कापड घ्यायचे तर वाशीम नाहीतर अकोल्याची बस धरावी लागते.

आमचा पुतण्या चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. कारखान्याचा राखाडी गणवेश आणि सुटीच्या दिवशीची जीन पँट, एवढाच त्याचा पोशाख. कोट त्याने आयुष्यात एकदाच अंगात घातला, तोही फोटो स्टुडिओतला. स्टुडिओतल्या खुंटीवर टांगलेला तो काळा कोट वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. कॉलर तेलकट, बाह्या लोंबत्या, आणि पाठ मोठी होते म्हणून मागे चिमटा लावलेला. आमचा स्वतःचा बी.कॉम.च्या वेळचा फोटोही अशाच कोटातला आहे. फोटोत माणूस साहेब दिसतो आणि स्टुडिओतून बाहेर पडताना पुन्हा बुशशर्टात असतो.

तर घरात तीन पक्ष पडले. पुतण्याला शेरवानी हवी होती. भाड्याची, सोनेरी कलाबतूची, सोबत फेटा आणि मोजड्या. वहिनींचे म्हणणे एकच होते, "भाऊजी, पोराले कोट पाह्यजे. बाबासाहेबायसारखा." आणि आबा, म्हणजे आमचे वडील, वय वर्षे ब्याऐंशी, खाटेवरून म्हणाले, "काठाचं धोतर घ्या त्याले. मंग वरतून काही घाला."

पोरे हसली. धोतर म्हटले की त्यांना नाटकातला म्हातारा आठवतो. आबा हसले नाहीत, आणि मग त्यांनी जे सांगितले ते आम्हीही इतक्या वर्षांत पुरते ऐकले नव्हते.

आबांच्या वडिलांचे लग्न झाले तेव्हा त्यांच्या सासऱ्याने त्यांना लाल काठाचे धोतर दिले. वरात गावात शिरली तेव्हा पारावरच्या मंडळींनी थांबवली. धोतर सोडायला लावले नाही, तेवढी दया केली. उभ्या उभ्या दोन्ही बाजूंचे काठ फाडून काढले आणि म्हणाले, आता जा. नवरदेव काठ नसलेल्या, दशा लोंबणाऱ्या धोतराने मांडवात उभा राहिला. गाव कोणते ते आबांनी सांगितले, आम्ही इथे लिहीत नाही. त्या गावात आज आमचेही लोक मोटारसायकलवर फिरतात.

नव्या पिढीला ही गोष्ट एखाद्या गावची खोडी वाटेल, म्हणून एक छापील दाखला देतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने काढले. त्यात त्यांनी १९२८ च्या जानेवारीतले एका इंग्रजी दैनिकाचे वृत्त दिले आहे. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला नियम घालून दिले. त्यातले पहिलेच नियम कपड्यांचे आहेत. जरीकाठी पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. इंदूर आमच्यापासून लांब असेल, पण काठाचा राग तोच आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे मेलेल्यांची असावीत असे लिहून ठेवले आहे. आमच्या वाडवडिलांना प्रेतावरचे कापड 'हक्क' म्हणून मिळत होते, त्याचे मूळ कुठे आहे ते यावरून समजावे.

आणि गंमत पाहा, कापड तयार करणारांत आम्ही होतोच. वऱ्हाड-नागपूरकडच्या महार समाजातली पुष्कळ कुटुंबे जाडेभरडे कापड विणून पोट भरत. गिरणीचे कापड स्वस्त झाले तसा तो धंदा बसला. मुंबईला गिरणीत गेलेल्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा दोरा दुसऱ्यांना चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला तेव्हा कामगारांचे पुढारी अडचणीत आले होते. सूत काढावे, ओझी वाहावी, खाते झाडावे, पण मागाला हात लावू नये आणि काठ अंगावर घेऊ नये, असा सगळा व्यवहार होता.

म्हणून आबांना काठाचे धोतर हवे होते.

पुढची गोष्ट त्यांनीच सांगितली. १९५६ साली ते तेरा वर्षांचे होते. वडिलांबरोबर नागपूरला गेले. पांढरे कपडे घालून यायचे असा निरोप होता. घरात धड पांढरे काही नव्हते, म्हणून आजीने मांजरपाटाचा सदरा दोनदा सोड्यात उकळला आणि नीळ घातली. वडिलांनी मात्र त्या प्रवासासाठी धोतर विकत घेतले, पांढरे शुभ्र, बोटभर काठाचे. आयुष्यातले पहिले काठाचे धोतर, वयाच्या चाळिशीत. १४ ऑक्टोबरला त्या अफाट गर्दीत बाबासाहेब दिसले की नाही हे आबा खरे सांगतात, "मले तं फक्त मानसायच्या पाठी दिसल्या, सगळ्या पांढऱ्या." वडिलांचे धोतर मात्र त्यांना अजून दिसते.

आता आपल्या घराघरांत लावलेली दीक्षेच्या दिवसाची तसबीर एकदा नीट पाहावी. त्या दिवशी बाबासाहेबांच्या अंगावर पांढरा कोट होता आणि खाली पांढरे रेशमी धोतर. चौकातल्या पुतळ्यांमुळे आपल्याला निळा सूट, टाय आणि खिशातला पेन एवढेच पाठ झाले आहे. कोलंबिया विद्यापीठ, लंडन, गोलमेज परिषद, संसद, इथे त्यांनी सूट घातला. आणि लाखो लोकांसह नवे जीवन सुरू करायच्या दिवशी ते धोतर नेसून उभे राहिले. वहिनींचा कोट आणि आबांचे धोतर एकाच माणसाच्या अंगावर होते. आम्ही ही तसबीर भिंतीवरून काढून ओसरीवर आणली तेव्हा दोन्ही पक्ष थोडा वेळ गप्प बसले. पुतण्या तेवढा मोबाइलमध्ये शेरवानीच पाहत होता.

आपल्यातले काही शिकलेले लोक म्हणतात की कोट इंग्रजांचा, त्यात कसला स्वाभिमान? आम्हाला हे पटत नाही. गांधीजींनी १९२१ साली मदुरेला अंगावरचे कपडे कमी करून पंचा धरला. त्यांचे बरोबर असेल. पण ज्याच्याकडे कपडे होते त्याने ते उतरवले, ही गोष्ट लोकांना मोठी वाटली. ज्यांना घालूच देत नव्हते त्यांनी काय उतरवायचे? महाडला १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना निराळे सांगितले : लुगडे घोट्यापर्यंत नेसा, हातापायांतले ते जड चांदीचे ओझे काढा, कापड फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. दुसऱ्या दिवशी बायका तशा नेसून आल्या. पोशाख बदलण्यासाठी त्यांना नवे लुगडे लागले नाही, नेसण बदलली.

या वादात आणखी एक भर पडली ती टीव्हीमुळे. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात सैन्याची बँडपथके वाजवतात, तो कार्यक्रम आम्ही दरवर्षी पाहतो, कारण आमचे मामा सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. काखेत पिशवी धरून बॅगपाईप वाजवणारे जवान आले, खांद्यावर चौकड्यांचे कापड. धाकट्या पुतण्याने विचारले, ही चादर कायची? मामा म्हणाले, ती स्कॉटलंडची. तिथले गडी याच कापडाचा घोळदार घागरा कमरेला बांधतात, त्याला किल्ट म्हणतात, आणि तो घालूनच लग्नाला उभे राहतात. पोरांना हसू आवरेना.

पण त्या किल्टची हकीकत आपल्याला परकी नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लोक राजाविरुद्ध उठले आणि १७४६ साली कलोडनच्या लढाईत हरले. लगेच सरकारने कायदा केला की तिथल्या पुरुषांनी हा पोशाख घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सैन्यात भरती झालेल्यांना मात्र सूट. म्हणजे राजासाठी मरायला जाताना घातला तर चालेल, आपल्या दारात घातला तर गुन्हा. आपल्याकडेही हेच होते. गावात काठाचे धोतर खपत नव्हते तेव्हा मुंबई फौजेतला महार शिपाई सरकारी लाल डगला घालून फिरत होता. १८९० च्या दशकात ती भरतीही बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

स्कॉटलंडचा तो कायदा १७८२ मध्ये उठला. आज तिथल्या तरुणापुढे आमच्या पुतण्यासारखाच प्रश्न असतो. पूर्ण रिवाजाचा किल्ट घ्यायचा तर आठ वार लोकरी कापड, हाताने घातलेल्या चुण्या, वर आखूड कोट, कमरेला चामडी बटवा आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे. आठ वार म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याला एकच वार कमी! हे महाग पडते. म्हणून कोणी एका दिवसापुरता भाड्याने आणतो, कोणी कमी कापडाचा, खिसे लावलेला हलका किल्ट घेऊन टी-शर्टवर रोजच्या रोज वापरतो. जुनी माणसे म्हणतात, हा खरा नव्हे. तरुण म्हणतात, पण मी घालतो तरी. मामांनी हे सांगितले तेव्हा आबा खाटेवर उठून बसले. "म्हंजे तिकडंबी म्हाताऱ्याचं कोनी आयकत नाई," असे म्हणून प्रथमच हसले.

नवरदेवाच्या कपड्यांवर आमच्याकडे आठ दिवस चर्चा झाली. नवरीच्या कपड्यांवर अर्धा मिनिटही झाली नाही. विधीला पांढरी साडी, संध्याकाळी शालू, असे आधीच ठरलेले. आमच्या सौभाग्यवतींनी हे बोलून दाखवले, तेव्हा ओसरीवरच्या सगळ्या पुरुषांना एकदम कामे आठवली.

आता हिशेब. अकोल्याच्या दुकानात शेरवानी, फेटा आणि मोजड्यांचे एका दिवसाचे भाडे साडेचार हजार सांगितले, वर अनामत. हळदीचा डाग पडला तर अनामत गेली. कापड घेऊन शिवलेला कोट-पँट शिलाईसह सात हजार दोनशे. आम्ही बी.कॉम.ला घसारा शिकलो, तो इथे कामी आला. भाड्याची वस्तू एका दिवसात शंभर टक्के घसरते. कोट दहा वर्षे राहिला आणि वर्षातून दोनदा घातला, तर एका वेळेचे तीनशे साठ रुपये पडतात. शिवाय दोन धाकटे भाऊ आहेत. वहीत हे मांडून दाखवल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, तुमी लगनाचाबी ताळेबंद काढता." पण दुसऱ्या दिवशी तोच आमच्याबरोबर शिंप्याकडे आला.

शिंपी म्हातारे, चाळीस वर्षांचा हात. त्यांच्याकडून ज्या गोष्टी समजल्या त्या पहिला कोट घेणाऱ्या प्रत्येक घराच्या उपयोगाच्या आहेत. कोट आणि पँट मिळून सव्वातीन मीटर कापड लागते, पन्ना मोठा असला तर. चकचकीत कापड घेऊ नये, ते फोटोत तेलकट दिसते आणि दोन वर्षांत कोपरावर आरशासारखे होते. निव्वळ लोकर आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात सोसवत नाही, टेरीवूल बरे. रंग गडद निळा किंवा राखाडी. काळा नको, कारण काळ्यावर मांडवाची सगळी धूळ उठून दिसते.

माप देताना छाती फुगवू नये. पोरे आरशासमोर हटकून फुगवतात, आणि मग कोट पोत्यासारखा होतो. सगळ्यात आधी खांदा पाहावा. कमर, बाही, लांबी मागून दुरुस्त होते, खांदा चुकला की कोट गेला. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, खाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. आत छातीला कॅनव्हास घालणार की नुसते चिकटवणार, ते आधीच विचारावे. चिकटवलेले स्वस्त पडते, पण धुलाईत फुगे येतात. कच्च्या शिलाईवर एकदा तरी अंगात घालून पाहिल्याशिवाय पक्की शिलाई मारू देऊ नये. दोन बटणांच्या कोटाचे खालचे बटण लावायचे नसते, हे आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

आणि माया ठेवायला सांगावे. शिलाईच्या आत जे जास्तीचे कापड दाबून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. लग्नानंतर पोरे सुटतात, कोट उसवून दीड-दोन इंच सैल करता आला पाहिजे. तयार कपड्यांच्या दुकानातल्या कोटात माया नसते, असे त्या शिंप्यांचे म्हणणे, आणि आम्ही तिथेच दोन कोट उलटे करून पाहिले तेव्हा ते खरे निघाले. तयार कोट घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. अंगाला बसत असेल आणि पैसे वाचत असतील तर जरूर घ्यावा. पण कर्ज काढून सूट शिवू नये, आणि वरपक्ष म्हणून सुटाचे पैसे मुलीच्या बापाकडून तर मुळीच घेऊ नयेत. आमच्या वस्तीत अजून 'नवरदेवाचे कपडे मुलीकडचे' ही पद्धत काही घरांत चालते. बावीस प्रतिज्ञा म्हणून झाल्यावर हे शोभत नाही. आम्ही मुलीच्या वडिलांना तसे स्पष्ट कळवले, तर त्यांनाच आधी वाटले की आम्ही रागावलो आहोत.

राहिले धोतर. अकोल्याहून येताना पुतण्याने आबांची समजूत काढायला एक शिवलेले धोतर आणले. चुण्या आधीच शिवून ठेवलेल्या, कमरेला इलॅस्टिक, बाजूला खिसा, पायजम्यासारखे चढवायचे. आबांनी ते हातात घेतले, इलॅस्टिक ताणून पाहिले आणि सोडले. "हे धोतर नाई बाप्पा, धोतराचं सोंग हाये." मग ते परत करून साधे सुती धोतर आणले, पांढरे, बोटभर निळ्या काठाचे. तीन संध्याकाळी गच्चीवर शिकवणी झाली. निऱ्या किती, काष्टा कुठे खोचायचा, बसताना पदर कसा सावरायचा. पहिल्या दिवशी धोतर जिन्यातच सुटले. तिसऱ्या दिवशी पुतण्या दहा मिनिटे चालून दाखवू शकला. पण मांडवात चारशे माणसांसमोर वंदनेला खाली वाकायचे आणि पुन्हा उठायचे, एवढी त्याची छाती झाली नाही. आबांनी जोर केला नाही. वहिनींनी जिंकल्यासारखे केले नाही, हेही नमूद करतो.

लग्नाच्या दिवशी पुतण्याने गडद निळा कोट घातला. खांदा अगदी बरोबर बसला होता. डोक्याला फेटा नव्हता. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर दोघे उभे राहिले तेव्हा आबा पहिल्या रांगेत होते, नव्या काठाच्या धोतरात आणि अंगात आमचा जुना कोट. तो त्यांना खांद्यात मोठा होत होता. स्टेजवर फोटोसाठी बोलावले तेव्हा त्यांनी धोतराचा काठ पुढून दिसेल असा नीट केला, आणि फोटोवाल्याला म्हणाले, "पाय येऊ दे फोटोत."

पुतण्याचा कोट वहिनींनी जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला आहे, धाकट्याच्या मुलाखतीसाठी. त्याचे शिकवणीचे धोतर मात्र तो चाकणला घेऊन गेला. तिथे रात्री खोलीवर तो ते लुंगीसारखे गुंडाळतो, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले. आबांना हे अजून कोणी सांगितलेले नाही.